कबूल सह्यांचा गठ्ठा

माझं अक्षर चांगलं आहे, एवढ्या एका अपराधापायी मला पोलीस खात्यात टेबलाला बांधून ठेवण्यात आलं. भरतीच्या वेळी आठशे मीटर धावण्यात मी पहिल्या पाचांत होते, गोळाही बऱ्यापैकी लांब फेकला होता. पण ठाण्यात हजर झाले त्या दिवशी साहेबांनी माझा अर्ज हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुमचं." झालं. माझं धावणं तिथंच संपलं.

आमचं ठाणं चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातलं. एका बाजूला कंपन्यांच्या शेड, दुसऱ्या बाजूला जुनी गावं आणि मध्ये कंटेनरांची न हलणारी रांग. बाहेरच्या माणसाला वाटतं, इथं रोज कोयते निघत असतील. निघतात, नाही असं नाही. पण इथली माणसं एकमेकांना जितकं मारतात, त्याहून जास्त एकमेकांच्या सह्या मारतात. जमिनीच्या संमतीपत्रावर भावानं बहिणीची सही मारलेली असते, गेटपासवर ड्रायव्हरनं सिक्युरिटीची मारलेली असते, आणि भाडेकरारावर मालक-भाडेकरू दोघांचीही एजंटनंच मारलेली असते. हे सगळे कागद माझ्या टेबलावर येत. त्यांची वर्गवारी करून ते हस्ताक्षरतज्ज्ञांच्या सरकारी कार्यालयाकडे पाठवायचे, हे माझं काम.

काम ऐकायला सोपं आहे. तीन गठ्ठे करायचे. ज्या कागदावरून भांडण आहे तो वादग्रस्त. त्याच माणसानं पूर्वी, कसलंही भांडण नसताना लिहिलेले आणि दोन्ही बाजूंना मान्य असलेले कागद ते कबूल. आणि आम्ही पंचांसमोर बसवून लिहून घेतो ते नमुने. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं बारीक खूण करायची, यादी करायची, घडी न घालता वेगवेगळ्या पाकिटांत घालायचं. तज्ज्ञ मग वादग्रस्त सही इतर दोन गठ्ठ्यांशी ताडून बघतात.

ही साधी गोष्ट शिकण्यासाठी मला एका मृत्युपत्राचा बळी द्यावा लागला. पहिल्याच महिन्यात आलेलं ते मृत्युपत्र मी फायलीला लावायचं म्हणून पंचिंग मशीनखाली धरलं. एक भोक बरोबर सहीतून गेलं. शिवाय सही साहेबांच्या नजरेस पडावी म्हणून तिच्याभोवती लाल पेनानं गोल केला आणि आवकचा शिक्का जागा मिळेल तिथं, म्हणजे सहीच्या शेपटावर, मारला. तज्ज्ञांच्या कार्यालयातून उत्तर आलं, की सदर सहीचा उर्वरित भाग आढळून आल्यास तोही पाठवावा. साहेबांनी ते पत्र मला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं आणि दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं.

तिथं एका तज्ज्ञ बाईंनी आम्हाला दिवसभर शिकवलं. त्या म्हणाल्या, "सही हाताच्या सवयीतून येते. तिचा आकार कुणीही उतरवेल, सवय उतरवता येत नाही. ती ओळखायचं आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त कागदांची सरमिसळ करू नका." माझ्या मागे बसलेल्या हवालदारानं विचारलं, की जेवण कितीला आहे. मी मात्र ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर वर्षभरानं एक कामगार बाई ठाण्यात आली.

दुपारची वेळ होती. सत्ताविशी-अठ्ठाविशीची, मूळची मराठवाड्यातली, चाकणजवळ एका खोलीत नवऱ्यासोबत राहणारी. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज. गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. वायरीच्या टोकाला पत्र्याची टोपी दाबून बसवणारी एक छोटी प्रेस असते, त्या प्रेसमध्ये तिच्या दोन बोटांची पेरं गेली होती. कंपनीनं तिला दवाखान्यात नेलं, मलमपट्टी केली आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, की बाई, तुम्ही तर अपघाताच्या आदल्या दिवशीच राजीनामा दिलेला आहे. अपघाताच्या दिवशी तुम्ही फक्त युनिफॉर्म परत करायला आला होता.

म्हणजे युनिफॉर्म परत करायला आलेल्या बाईनं जाता जाता सहज म्हणून मशीनमध्ये बोटं घातली, असं कंपनीचं म्हणणं होतं. आणि हे म्हणणं लेटरहेडवर होतं, त्यामुळे आमच्या साहेबांना त्यात तथ्य वाटत होतं.

"सही तुमचीच दिसते की बाई," राजीनाम्याची झेरॉक्स हातात धरून साहेब म्हणाले.

"माझी न्हाई साहेब. माझ्यासारखी हाय."

"तेच ना. तुमच्यासारखी आहे."

"माझ्यासारखी माझी बहीण बी दिसती. म्हून ती काय मी हाय का?"

साहेबांनी झेरॉक्स खाली ठेवली. मला वाटतं, गुन्हा दाखल व्हायला तो क्षण जबाबदार होता. बाकी चार अर्ज आणि कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याच्या सात चकरा हा नुसता तपशील.

मूळ राजीनामा आम्ही कंपनीकडून जप्त केला. 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' मजकूर टाइप केलेला, खाली तेवढी सही. या पट्ट्यात माणसं फार समाधानी आहेत. नोकरी जाते तेव्हा प्रत्येक जण स्वखुश असतो आणि तेही याच शब्दांत. मी तो कागद दोन बोटांनी उचलला आणि पारदर्शक पाकिटात घातला. पंचिंग मशीन आधीच कपाटात कुलूपबंद केलं होतं. वादग्रस्त गठ्ठा तयार झाला. एकाच कागदाचा गठ्ठा.

मग नमुने. बँडेज सुटल्यावर तिला बोलावलं. जुन्या गावातले दोन पंच खुर्च्यांवर बसले. साहेबांनी कामाचा झपाटा दाखवत तो राजीनामा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हं, हे बघून अशीच सही काढा."

मी पुढे होऊन पाकीट उचललं. "साहेब, बघून काढली तर ती नक्कल होईल. नमुना राहणार नाही."

"मग तिला कळणार कसं, कशी काढायची ते?"

 मी पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी गेले.

बाईनं पेन धरलं. पहिलं बोट वळतच नव्हतं. पेन अंगठा आणि करंगळीच्या मध्ये कसंबसं अडकवून ती लिहायला लागली आणि कागदावर पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं उमटली. तिसऱ्या सहीला तिच्या कपाळावर घाम आला. पाचव्या सहीला पंचांपैकी वयस्कर गृहस्थ उठून उभे राहिले. "अवं मॅडम, हिला पेन धरता येत न्हाई आन् तुमी सह्या कसल्या घेताय?"

"नियमानं घ्याव्या लागतात, तात्या."

"व्हय का? मग नियमाला सांगा हितं येऊन बघ म्हनून."

मी थांबवलं. संध्याकाळी त्या तज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दुखावलेल्या हाताचे नमुने आम्ही आधीच्या सहीशी काय म्हणून ताडणार? अपघाताच्या आधीचं तिचं अक्षर आणा. जितकं सहज लिहिलेलं, तितकं चांगलं."

अपघाताच्या आधीचं अक्षर. बाई दहावी पास होती, तिला लिहिता येत होतं. पण बँकेचं खातं तिनं अंगठ्यावर उघडलेलं, आधारकार्ड अंगठ्यावर, रेशन अंगठ्यावर, मोबाइलचं सिमसुद्धा अंगठ्यावर. सरकारनं आणि बाजारानं मिळून तिच्यावर एकदाही सही करायची वेळ येऊ दिली नव्हती, इतकी तिची काळजी घेतली होती.

"कंपनीत व्हायच्या की सह्या," ती म्हणाली. मी कंपनीला पत्र दिलं.

कंपनीचे मनुष्यबळ अधिकारी दुसऱ्याच दिवशी स्वतः आले. तिशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं इतकं गोड की ठाण्यातला चहा त्यापुढं कडू वाटला. त्यांनी टेबलावर जाडजूड गठ्ठा ठेवला. सुरक्षा प्रशिक्षणाची हजेरीपत्रकं. दोन वर्षांची, दर महिन्याची. प्रत्येक पत्रकावर त्या लाइनवरच्या बत्तीस बायकांची नावं आणि पुढे सह्या. कोपऱ्यात विषय लिहिलेला: 'प्रेस मशीनवर काम करताना हात सुरक्षित कसे ठेवावेत.'

"आमच्याकडे सगळं डॉक्युमेंटेड असतं मॅडम," ते म्हणाले. "तपासात पूर्ण सहकार्य आहे आमचं."

एका दगडात त्यांनी दोन पक्षी टिपले होते. सही जुळवायला चोवीस कबूल सह्या दिल्या, आणि बाईला दर महिन्याला प्रशिक्षण दिलं होतं, हेही कागदावर आणलं. साहेब खूश झाले. "द्या पाठवून," म्हणाले.

पण पाठवण्याआधी खुणा करायच्या होत्या. मी दाराशेजारचं मोठं टेबल रिकामं केलं आणि चोवीस पत्रकं ओळीनं मांडली. पेन्सिल घेऊन प्रत्येक पत्रकावर बाईची सही शोधायला लागले. सातव्या-आठव्या पत्रकाशी माझा हात थांबला.

बाईच्या सहीवरची आडवी रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढं जाऊन खाली वळत होती, छत्रीच्या मुठीसारखी. मी तिच्या वरच्या नावाची सही पाहिली. तिथंही छत्रीची मूठ. तिच्या खालची सही तिरपी काढलेली, अक्षरं मुद्दाम बारीक, पण शेवटी मूठ होतीच. मी एक-एक करत सगळं पत्रक पाहिलं. बत्तीस बायका, कुणी लातूरच्या, कुणी जळगावच्या, कुणी इथल्याच गावच्या, आणि बत्तीसही जणी सहीच्या शेवटी छत्री टांगत होत्या. मग मी पाकिटातला राजीनामा उजेडात धरला. तिथंही होती.

मी तज्ज्ञ नाही. पण भिंगाशिवायही दिसेल इतकी ती मूठ मोठी होती.

दुसऱ्या दिवशी बाईला बोलावलं आणि एक पत्रक दाखवलं. "हे ट्रेनिंग कधी झालं?"

तिनं तारीख वाचली. "ह्या दिवशी म्या गावाकडं होते. भावाचं लगीन होतं."

"आणि हे?"

"मॅडम, असलं ट्रेनिंग झालंच न्हाई कदी. सुपरवायझर दादा चहाच्या सुट्टीत कागद घिऊन बसायचे अन् सगळ्यांच्या सह्या करायचे. म्हणायचे, तुमच्या सह्या घ्यायला लाइन थांबवली तर प्रॉडक्शन कोन देनार?"

"तुम्ही कुणी काही म्हणाला नाहीत?"

"आमाला वाटायचं, त्यांचं कामच आसंल ते. रोजच करायचे की."

मी ते चोवीस कागद कबूल गठ्ठ्यातून उचलले आणि वादग्रस्तमध्ये ठेवले. वेगळी यादी, वेगळी पाकिटं. साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला असावा. "म्हणजे हे सातशेच्या वर गुन्हे झाले की हो," ते हळूच म्हणाले. "आपण एकच ठेवू."

आता कबूल गठ्ठा रिकामा झाला होता. खरं अक्षर आणायचं कुठून? बाईनंच विचारलं, "मॅडम, कायझेन चालंल का?"

कायझेन म्हणजे सूचनेची चिठ्ठी. इथल्या बहुतेक कंपन्यांत ही पद्धत आहे. कामात काय सुधारणा करावी, ते कामगारानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. कंपनीला वर्षाला अमुक इतक्या चिठ्ठ्या दाखवाव्या लागतात, म्हणून सगळ्यांना लिहायला लावतात. "त्या मात्र आमच्या आमालाच लिहाव्या लागायच्या," ती म्हणाली. "दादा म्हणायचे, डोकं चालवायचं काम म्या करनार न्हाई. अन् माझ्या एका चिठ्ठीला बक्षीस बी मिळालंय. स्टीलचा डबा."

मी तेच दोन पंच घेऊन कंपनीत गेले. गेटवर आम्हाला पिवळी जाकिटं दिली आणि एक रजिस्टर पुढे केलं. 'मी सुरक्षेची चित्रफीत पूर्ण पाहिली आहे,' असं छापलेलं, पुढे सहीची जागा.

"चित्रफीत कुठाय?" मी विचारलं.

"टीव्ही बंद आहे मॅडम. करा सही."

आणि मी केली. पंचांनीही केली. खोटी हजेरी पकडायला निघालेली मी, पण पेन हातात आलं आणि हात चालला. याची लाज मला आत गेल्यावर वाटली. सही करताना नाही.

आत शॉपफ्लोअरच्या भिंतीवर काचेचा फलक होता. वर लिहिलं होतं, 'महिन्यातील सर्वोत्तम सूचना'. खाली एक चिठ्ठी, तिच्याशेजारी फोटो. फोटोत तेच गोड मनुष्यबळ अधिकारी आमच्या बाईला डबा देत होते आणि दोघंही हसत होती. चिठ्ठीवर ठसठशीत, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: 'प्रेसला एका हाताचं बटन हाय त्यामुळे दुसरा हात आत राहतो. दोन हाताचं बटन बसवावं म्हंजे बोटं जाणार नाहीत.' खाली तिची सही. वरची रेघ आखूड, सरळ. छत्री नाही.

तारीख अपघाताच्या सात महिने आधीची होती. मी ते दोनदा वाचलं. पंच तात्यांनी एकदाच वाचलं आणि टोपी काढून हातात धरली.

"हे त्यांचंच अक्षर आहे, हे कंपनीला मान्य आहे?" मी अधिकाऱ्यांना विचारलं.

"ऑफकोर्स. मी स्वतःच तर त्यांना..." ते फोटोकडे पाहून थांबले. मग म्हणाले, "मॅडम, हे डिस्प्लेचं आहे. काढता येणार नाही. गुरुवारी ऑडिट आहे आमचं."

"जागा रिकामी दिसत असेल तर पंचनाम्याची प्रत लावा. तीही आमच्याकडे डॉक्युमेंटेडच असते."

बाकीच्या चिठ्ठ्या रद्दीत गेल्या असतील, असं ते म्हणत होते. पण वर्षाचा आकडा दाखवायचा असल्यामुळे रद्दीत काहीच गेलं नव्हतं. कपाटातल्या फायलीत तिच्या अकरा चिठ्ठ्या मिळाल्या. एकीत बायकांच्या बाथरूमला कडी बसवा असं होतं, एकीत पाण्याचा नळ, एकीत पुन्हा तेच बटन. सगळ्यांवर कंपनीचा शिक्का आणि अधिकाऱ्यांची सही. इतका कबूल गठ्ठा माझ्या टेबलावर त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

राहिला सुपरवायझर. चाळिशीचा, कोकणातून येऊन इथं स्थिरावलेला, दापोडीहून रोज दोन बस बदलून येणारा माणूस. नमुने घ्यायला त्याला पंचांसमोर बसवलं. मी कोरे कागद पुढे ठेवले. त्यानं पेन उघडलं आणि अगदी सहज विचारलं, "कोणाच्या नावाने करू?"

मी पहिल्या कागदावर बोट ठेवलं.

"आधी तुमच्या स्वतःच्या," मी म्हटलं.

तो थोडा घुटमळला. त्याची स्वतःची सही तीनदा तीन तऱ्हेची आली. मग मी नावं सांगत गेले आणि तो लिहीत गेला, भराभर, सफाईनं. आमच्या बाईचं नाव सांगितलं तेव्हा हात जरा मंदावला, पण शेवटी मूठ आलीच. लिहून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, राजीनामा वरून टाइप होऊन आला होता. मला म्हणाले, सही राहिली आहे, तेवढी घे. रोज इतक्या घेतो, त्यात एक घेतली. तो कागद कशाला हवाय, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं."

"वरून म्हणजे कुणाकडून?"

त्यानं पेनाला टोपण लावलं. मला त्याचा राग आला होता, आणि तो राग मी नीट धरून ठेवू शकले नाही, हे खरं आहे.

तज्ज्ञांचा अहवाल यायला पावणेदोन वर्षं लागली. पाकिटं दोनदा परत आली. एकदा यादीत पाकिटांचा क्रम चुकला म्हणून, एकदा आमच्या साहेबांनी शिक्का इंग्रजीत मारला म्हणून. अखेर अहवाल आला. राजीनाम्यावरची सही बाईची नाही. ती आणि हजेरीपत्रकांवरच्या सह्या एकाच हाताच्या आहेत, आणि तो हात सुपरवायझरचा आहे. 'वरून' कोण, हे शोधायला कंपनीचा संगणक दुसऱ्या विभागाकडे गेला होता. तो अजून तिथं आहे. मी विचारलं तेव्हा कळलं, की त्याचा चार्जर सापडत नाही.

अहवालाची कुणकुण लागताच कंपनीनं मान्य केलं, की अपघाताच्या दिवशी बाई कामावरच होती. तिचे उपचार आणि भरपाई सुरू झाली. बोटं पुढं वळायला लागली नाहीत. प्रेसला दोन हातांचं बटन बसलं. सुपरवायझरला काढलं, त्याच्यावर खटला उभा राहिला. गोड अधिकारी आता हिंजवडीत मोठ्या पगारावर असतात, असं ऐकलं.

गेल्या महिन्यात माझी साक्ष झाली. बचाव पक्षाच्या वकिलांनी मला विचारलं, "तुम्ही हस्ताक्षरतज्ज्ञ आहात का?"

"नाही."

"मग सगळ्या सह्या एकाच हाताच्या आहेत, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"मी ठरवलं नाही, साहेब. मी कागद या पाकिटातून त्या पाकिटात घातले. ठरवलं तज्ज्ञांनी."

 न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

बाहेर बाई गाड्या लावायच्या जागेत, झाडाखाली बसली होती. आता ती भोसरीत एका कॅन्टीनमध्ये काम करते. तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, डाव्या हातानं तिनं माझ्यापुढं अर्धी भाकरी धरली. "किती दिवस लागतील अजून?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. भाकरी खाऊन होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो. ऊन सरकत आमच्या पायांपर्यंत आलं, तेव्हा ती उठली, कारण दुपारच्या शिफ्टची तिची वेळ झाली होती.